चरबीची शेपटी आणि छाननी समिती

कोणतीही उपयोगी गोष्ट योग्य ठिकाणी पोहोचण्याआधी तिचे तुकडे करण्याची चोख व्यवस्था या जगात आधीपासून आहे. शरीरात या व्यवस्थेला विकर (म्हणजे एन्झाइम) म्हणतात, कार्यालयात छाननी समिती.

हे मी अधिकाराने सांगते. माझी मावशी प्रयोगशाळेत पेप्टाइडं बनवते आणि घराची किल्ली तिच्याकडे असते, त्यामुळे शाळा सुटली की मी तिथल्या उंच स्टुलावर. (स्टूल गरागरा फिरतं. विज्ञानाची गोडी अशीच लागते.) पेप्टाइड म्हणजे प्रथिनाची इवलीशी साखळी. औषध म्हणून गुणाची, पण शरीरात शिरली रे शिरली की विकरं तिचा फडशा पाडतात. म्हणून मावशीने साखळीला चरबीची शेपटी जोडली. चरबीचं आणि पाण्याचं हाडवैर. पाण्यात सोडताच शेपट्या एकमेकींना बिलगून आत दडतात, कुणी न सांगता आपोआप धागे बनतात, आणि साखळ्या इतक्या दाटीने उभ्या राहतात की विकराच्या कात्रीला फटच सापडत नाही. बाटलीत विकर घालून नऊ दिवस झाले तरी शंभरातली ब्याण्णव पेप्टाइडं ठणठणीत होती. बिनशेपटीची दुपारच्या चहापर्यंतही टिकली नव्हती.

आता बाटली आणखी सहा आठवडे उबदार पेटीत ठेवायला मंजुरी हवी होती. नाहीतर सोमवारी पेटी दुसऱ्या विभागात आणि मावशीची दोन वर्षं बेसिनमध्ये.

मावशीने एकपानी प्रस्ताव लिहिला. समिती पाच जणांची. विकरांसारखीच प्रत्येकाची कापायची जागा ठरलेली:

१. अध्यक्ष: 'कदाचित' शब्द दिसला की तिथे कापतात.
२. उपाध्यक्ष: अध्यक्षांनी कापलं तिथेच कापतात, पण हिरव्या शाईने.
४. ग्रंथपाल बाई: यांना स्वल्पविराम सोसत नाही.
५. सचिव: उरलेलं कापतात, म्हणजे फाइलसाठी भोक पाडायला जागा होते.

प्रस्ताव परत आला तेव्हा त्यात 'सहा' आणि 'कृपया' एवढंच जिवंत होतं.

"मावशी, पेप्टाइडला शेपटी लावतेस, मग कागदालाच का नाही?"

"गप गं कार्टे, गृहपाठ कर," मावशी म्हणाली. मग पेनचं टोपण काढत, "किती लांब?"

एकोणीस पानं लिहिली मी! समितीची दूरदृष्टी, त्या दूरदृष्टीचा इतिहास आणि त्या इतिहासाबद्दल आमची कृतज्ञता. (निबंधात मला दहापैकी नऊ असतात. एक गुण लांबीसाठी कापतात.) शेजारच्या टेबलांनी ती शेपटी पाहिली आणि आपापल्या प्रस्तावांना जोडली. संध्याकाळपर्यंत अकरा प्रस्ताव, कुणी न सांगता, एका गठ्ठ्यात घट्ट बिलगले होते.

अध्यक्षांनी गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला, कौतुकाची तीन पानं वाचली आणि सद्गदित होऊन म्हणाले, "वा! यात कापण्यासारखं काहीच नाही."

पाचही सह्या झाल्या. बाटली वाचली! मावशीने मला स्टुलासकट तीन गिरक्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी कळलं, गठ्ठ्यात उपाहारगृहवाल्या काकांचाही कागद होता: चहाचा कप निम्मा, आणि तीच पावडर तीनदा. कायमस्वरूपी. मावशीने तक्रार केली, तर सचिव म्हणाले, "बाई, या ठरावाला आता हात लागत नाही. शेपटी आहे." तेव्हापासून ती निम्मा कप गरम पाणी पिते आणि वहीत लिहिते: 'टिकाऊपणाचे दुष्परिणाम'.

लोक मला विचारतात, पाच शिकलेली माणसं, आणि एकानेही वाचलं नाही? मलाही नवल वाटायचं. म्हणून वर पाच जणांची यादी देताना मी चारच लिहिले. तिसऱ्या सदस्याची जागा अजून रिकामी आहे, तिथे आता तुमचं नाव घालते.

(वर जाऊन बघताय ना? समितीही सही करून मगच बघते.)