गंगाधरकाकांची लेन्स

डोळ्यात बसवायची लेन्स कुणी जांगड मागितल्याचं तुम्ही ऐकलंय? आमच्या शेजारच्या गंगाधरकाकांनी मागितली होती. डॉक्टरांना सरळ म्हणाले, साधी अन् नवी, दोन्ही नमुने द्या, घरी नेऊन बघतो, पसंत पडला तो ठेवतो, दुसरा वापस. डॉक्टरांनी पाणी मागवलं, स्वतःसाठी. मग बजावलं की लेन्स एकदा बसली की बसली, पुन्हा बदलणं नाही.

काकांची हिंगोलीत हळदीची अडत. हळकुंड मोडून, हुंगून, दाताखाली धरल्याशिवाय मालाला हात लावायचा नाही, असा बाणा. चप्पल घ्यायची तरी दुकानदाराला ती घालून गल्लीच्या टोकापर्यंत चालायला लावायचे. अशा माणसाला मोतीबिंदू व्हावा आणि त्याच सुमाराला जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी नवी लेन्स निघावी, म्हणजे गावाचे भोगच.

कुणाचं ऑपरेशन झालं की काका दारात हजर. साध्या लेन्सवाल्याला चष्मा काढून सुई ओवायला लावायचे. नव्या लेन्सवाला हट्ट्याला आहे असं कळलं, तर एसटीनं हट्टा गाव गाठलं. तो बिचारा जेवत होता. त्याला ताटावरून उठवून आधी पंचांग वाचायला लावलं, मग लांबच्या देवळाचे कळस मोजायला. सगळं बराबर दिसतं, तो म्हणाला, फक्त रात्री दिव्याभोवती कडी दिसतात आणि कमी उजेडात जरा फिकं वाटतं. काकांनी तेवढं ऐकलं आणि परतीची एसटी धरली.

इकडे म्हैस कुठली आणि मेव्हणा कुठला हे कळेनासं झालं, तरी यांचा निर्णय होईना. मेव्हण्याच्या बाबतीत आम्ही समजून घेतलं.

शेवटी बसवली ती साधी लेन्स. तीही फक्त जवळचं दाखवणारी! लांबचं बघायला आता चष्मा. डोंगर पोखरून उंदीर काढला म्हणून आम्ही महिनाभर हसलो.

एकदा संध्याकाळी लोडशेडिंगमध्ये काडेपेटी मागायला त्यांच्याकडे गेलो. काका-काकू कंदिलापाशी समोरासमोर बसले होते. काकूंची वाचा लकव्यानं गेलेली. नुसते ओठ हलतात, आवाज नाही. ते बोलणं वाचता येतं फक्त काकांना.

मी विचारलंच, काहून घेतली न्हाई नवी लेन्स?

"मास्तर, दिवसभर मी अडतीवर. आमचं बोलणं होतं ते या टायमाला, अन् या टायमाला लाइट नसते. अशा उजेडात हिचे ओठ फिके दिसले तर कसं?" मग आवाज उतरला. "मोतीबिंदू वाढला तवापासून ही बोलून राहिली, अन् मी नुसतंच व्हय व्हय करून राहिलो. मला काय बी दिसत नव्हतं."

काकूंनी माझ्याकडे बघत ओठ हलवून काकांना काहीतरी विचारलं. मला काही कळलं नाही. काका पुढे झुकले, नीट बघितलं आणि चांगलेच भडकले.

"न्हाई," ते म्हणाले. "मुळीच न्हाई." आणि एवढ्या दिवसांनी 'व्हय' सोडून दुसरं उत्तर मिळालं म्हणून काकू खुदकन हसल्या.