थिओडोर विदरबीचं बालपण

मुलुंडच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत चोवीस वर्षांत एकही व्याख्यान रद्द झालं नव्हतं. वीज गेली, वक्ते तापाने फणफणले, एकदा तर श्रोते तीनच आले, पण व्याख्यान झालं. याचं सगळं श्रेय अध्यक्ष अण्णा स्वतःकडे घेत आणि दर वर्षी उद्घाटनाला ते ऐकवतही. पंचविसाव्या वर्षी मात्र सहाला पाच मिनिटं कमी असताना शेजारच्या औषधांच्या दुकानातून निरोप आला. वक्त्या पद्मजाबाईंचा फोन होता. जुहूहून निघालेली त्यांची टॅक्सी वाटेत बंद पडली होती, यायला पाऊण तास तरी लागणार होता.

विषय होता ‘अमेरिकन पुस्तकचित्रकार थिओडोर विदरबी : जीवन आणि शिक्षण’. हा विदरबी कोण, हे जमलेल्या ऐंशी जणांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं आणि म्हणूनच तर सगळे आले होते. पहिल्या रांगेत उपाध्यक्ष नंदकुमार सारखे घड्याळ बघत होते. अण्णांची खुर्ची रिकामी होण्याची ते सहा वर्षं वाट पाहत होते.

अण्णांची नजर शिडीवर गेली. वर लवू फलकाची सुटलेली दोरी बांधत होता. लवू दुकानांचे बोर्ड रंगवायचा, हा फलकही त्यानेच रंगवला होता. वाचनालय यंदा बालकथांचं पुस्तक काढणार होतं आणि त्यातली चित्रं आपल्याला मिळावीत म्हणून तो वर्षभर अण्णांच्या मागे लागला होता. अण्णांचं उत्तर ठरलेलं असे, “लवू, बोर्ड रंगवणं वेगळं आणि चित्रं काढणं वेगळं.”

“लवू, खाली उतर. बाई येईपर्यंत तू बोलायचंस.”

“मी? अण्णानू, माका काय म्हायत तो कोण!”

“नाव तर तूच रंगवलंस ना? आणि तूही चित्रकारच आहेस की.”

“आज चित्रकार झालो होय?” लवू एक पायरी वर चढला. “मग पुस्तकाची चित्रं मला देणार?”

“बघू. वेळ नीट निभावून नेलीस तर बघू. पण काही गडबड झाली, तर यापुढे बोर्डसुद्धा नाही.”

लवू माइकसमोर उभा राहिला. फलकावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाला, “थिओडोर लय गरीब होता. घराच्या भिंतीवर कोळशाने चित्रं काढायचा. बापाने एकदा असा धुतला की चित्रापेक्षा तोच काळा-निळा झाला.”

सभागृह हसलं. लवूला धीर आला.

“अंगणात फणसाचं झाड होतं. पहिलं चित्र त्याने त्याचंच काढलं.”

“अमेरिकेत फणस?” नंदकुमारांनी विचारलं.

“एकच होता ना. म्हणून तर काढून ठेवला.”

पुढे लवूची गाडी सुसाट सुटली. थिओडोर पळून शहरात आला, एका पेंटरच्या हाताखाली राहिला. गुरूने सहा महिने नुसते ब्रश धुवायला लावले. सातव्या महिन्यात तो म्हणाला, “गुरुजी, आता तरी?” गुरू म्हणाले, “आता डबे धू.” मागच्या रांगेतल्या निवृत्त शिक्षिका कुंदाताई हसता हसता डोळे पुसू लागल्या. मग लवूचा आवाज जरा खाली आला. “त्याला पुस्तकात चित्रं काढायची होती. पण पोटासाठी पिठाच्या चक्कीचे बोर्ड रंगवायला लागले. पस्तिशी आली तरी बोर्डच.” आता कुंदाताई खरोखरच डोळे पुसत होत्या.

तेवढ्यात पद्मजाबाई धापा टाकत आल्या. टाळ्यांच्या गजरात लवू खाली उतरला आणि बाईंनी कागद काढले.

“विदरबी यांचं बालपण आणि शिक्षण, अं, यथायोग्य झालं. आता आपण त्यांच्या कीर्तीकडे वळू.”

“अहो बाई, डब्यांचं राहिलं!” कुंदाताई म्हणाल्या.

“कसले डबे?”

नंदकुमार ताडकन उठले. “बाईंना डबे माहीत नाहीत! म्हणजे दोघांतलं एक जण थापा मारतंय. अण्णा, खुलासा करा!”

अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. पुस्तक गेलं, बोर्डही गेले, असं म्हणत लवू आपली शिडी उचलायला निघाला.

पद्मजाबाईंनी चष्मा काढला. “खरं सांगते. माझ्याकडे या माणसावर एकच लेख आहे, रद्दीत मिळालेल्या मासिकातला. त्याचं पहिलं पान फाटलेलं आहे. बालपण, शिक्षण, सगळं त्याच पानावर होतं. महिनाभर मला झोप नाही हो!” मग त्या लवूकडे वळल्या. “तुम्हाला ते पान मिळालेलं दिसतंय.”

सगळे लवूकडे पाहू लागले. नंदकुमार खाली बसायला लागले होते, ते तसेच अर्धवट राहिले. बाईंनी वही उघडली. “माझा लेख एकदम कीर्तीपासूनच सुरू होतो. त्याला पहिलं पुस्तक दिलं कुणी?”

लवूने शिडी खाली ठेवली. “ते अण्णांना विचारा.”

ऐंशी माना अण्णांकडे वळल्या. अण्णांनी घसा खाकरला, लवूकडे पाहिलं, नंदकुमारांकडे पाहिलं, पुन्हा लवूकडे पाहिलं.

“एका वाचनालयाने दिलं,” ते म्हणाले. “बालकथांचं. अठ्ठेचाळीस पानी.”

सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. पद्मजाबाईंनी भराभर लिहून घेतलं.

“आणि साल?”

“हेच,” लवू म्हणाला.