डाव्या चाकाचं दुसरं लग्न

माझ्या लेकीच्या, केतकीच्या लग्नाला आठवडा उरला असताना आमच्या गाडीचं पुढचं डावं चाक विधुर झालं.

गाडी माझ्या वडिलांची. लाल, दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्‌स कार; माझ्यापेक्षा वयानं मोठी आणि माझ्यापेक्षा लाडकी. हिंदुराव मिस्त्री तिच्याखालून सरपटत बाहेर आले, टोपी काढून म्हणाले, "किंगपिन गेली, सायेब."

चाक ज्या पिनेवर वळतं, ती ही. तिनं त्याला जन्मभर सांभाळलं होतं. आता ते नुसतं डुगडुगत होतं.

"दुसरी आणा," मी म्हणालो.

"आणू की. पर मुहूर्ताचं काय?"

टेंबे गुरुजींनी पंचांग काढलं. विधुरानं वर्षाच्या आत लग्न करायला त्यांची हरकत नव्हती. हरकत वेगळीच निघाली. "घरात सून आली, की सहा महिने लेक बाहेर पाठवायची नाही. आधी केतकी, मग पिन."

पण केतकी आजोबांच्या मांडीवर बसून याच गाडीचं स्टिअरिंग फिरवत वाढलेली. गाडी त्यांनी तिच्याच नावावर केली होती. "मी माझ्या गाडीतूनच सासरी जाणार. नाहीतर जातच नाही," ती म्हणाली. आमच्या घरात तिचा शब्द खाली पडत नाही. झेलायला मी असतो.

म्हणजे पिन आल्याशिवाय केतकी जाणार नव्हती, आणि केतकी गेल्याशिवाय पिन येऊ शकत नव्हती. गुरुजींनी बराच वेळ बोटं मोजली. "दोन्ही एकाच क्षणी," ते म्हणाले. "पुढे नाही, मागे नाही."

या मापाची पिन सगळ्या कोल्हापुरात एकट्या धनपाल मगदूम यांच्या सुट्या भागांच्या दुकानात होती. ग्रीस लावून, कागदात गुंडाळून त्यांनी ती वर्षानुवर्षं फळीवर जपली होती. आम्ही मागणी घातली, तर ते ऐकेनात.

"बिजवराला पोरगी द्यायची न्हाई. त्यात चाक डावीकडं वढतंय म्हणं."

"बायकू गेल्यापास्नं वढतंय," हिंदुराव म्हणाले. "बायकू आली की येतंय सरळ. बाप्यामाणसाचं तसंच असतंय."

"त्ये मातुर खरं," मगदूमवहिनी आतून म्हणाल्या, आणि सोयरीक जुळली.

लग्नाच्या दिवशी मांडवातच गाडी जॅकवर चढवली. दोन अंतरपाट धरले. हिंदुराव हातोडा घेऊन चाकाशेजारी आडवे झाले. हातोडा आधी पडला तर केतकीचं लग्न सहा महिने लांबणार, आणि जावई बोटीवर नोकरीला, त्याची बोट तर सोमवारी सुटणार होती. शेवटच्या मंगलाष्टकाला कुणा मावशींनी जास्तीची तान घेतली. वर गेलेला हातोडा तिथंच थांबला. मनातल्या मनात मी मावशींचा उद्धार केला.

"सावधान!"

घाव आणि हार एकदमच पडले, बँडही त्याच क्षणी वाजला. निम्म्या अक्षता बॉनेटवर गेल्या. विहीणबाईंनी दोन्ही जोडप्यांना ओवाळलं.

केतकी स्टिअरिंगवर बसली, जावई शेजारी. धनपालराव चाकाजवळ वाकले, पिनेवरून एकदा बोट फिरवलं आणि केतकीला म्हणाले, "ग्रीस येळच्या येळी दे गं बाई. तिला मागायची सवय न्हाई."

आमचीला भरपूर आहे, हे जावयाला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. गाडी फाटकातून बाहेर पडली, वळली. डावीकडे जराही ओढली नाही.

आम्ही दोघं बाप रस्त्याकडे बघत उभे राहिलो.

"पंचमीला पोरगी म्हायेरी येईल न्हवं?" धनपालरावांनी विचारलं.

"येईल की. एकटी कशी येईल ती? केतकी घेऊन येईल," मी म्हणालो, आणि मग मला रडू आवरेना.