हिवाळे आणि पेत्राची सासू

बायबलवरचा कोणताही भाष्यग्रंथ हातात आला की शमुवेल हिवाळे तो मधूनच उघडायचे आणि एकच गोष्ट शोधायचे : पेत्राची सासू.

जग कसं निर्माण झालं, महापूर कुठवर चढला, शेवटचा न्याय कधी होणार, याबद्दल लेखकाचं मत काय आहे हे त्यांना जाणून घ्यायचं नसे. सासूबद्दल काय लिहिलंय, एवढंच ते बघत. त्यावर ग्रंथ पास किंवा नापास. नापास झालेले ग्रंथ ते चर्चच्या पाळकसाहेबांना भेट देत. "प्रवचनाला चालतेत," असं म्हणत.

ज्यांना ही सासू माहीत नाही (मलाही नव्हती), त्यांच्यासाठी सांगतो. पेत्र हा येशूचा पट्टशिष्य. कफर्णहूम नावाच्या गावात त्याचं घर. येशू एकदा तिथं गेला, तर पेत्राची सासू तापानं फणफणलेली. त्यानं तिचा हात धरला, ताप उतरला आणि ती उठून पाहुण्यांच्या सरबराईला लागली. संपलं. एवढ्या मोठ्या बायबलात तिच्या वाट्याला आलेलं हे एवढंच. तिचं नावसुद्धा कुणी लिहून ठेवलेलं नाही.

माझी तिची ओळख झाली ती इंग्रजीमुळे. मी हिंगोलीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो. आमचं घर बौद्ध, आणि देवाच्या बाबतीत मी पहिल्यापासून कोरडा. पण हिवाळे शेजारी होते, त्यांना हवी असलेली भाष्यं बहुतेक इंग्रजीत होती, आणि त्यांचं इंग्रजी सरकारी पत्राच्या मायन्यापलीकडे जात नव्हतं. त्यामुळे नवा ग्रंथ आला की कुंपणावरून हाक यायची, "सर, जरा सासू बघता का?" घरी पाहुणे असले की या हाकेचा अर्थ समजावून सांगताना माझ्या बायकोची तारांबळ उडायची.

हिवाळे सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर कालवा निरीक्षक होते. ही कसोटी तिथलीच. धरणाजवळच्या टोकाला ते 'हेड' म्हणत आणि जिथं कालवा संपतो त्याला 'टेल'. हेडला उभं राहून कालव्याबद्दल मत देणाऱ्या माणसाला ते किंमत देत नसत. एकदा पाणी सोडायच्या दिवशी मोठे साहेब आले, नारळ फुटला, हार झाले, भाषण झालं. साहेबांनी विचारलं, "काय हिवाळे, पाणी बरोबर सुटलं ना?" हिवाळे म्हणाले, "सांगतो," आणि सायकलवर टांग मारून निघून गेले. साहेबांना वाटलं, सिगारेट ओढायला गेला असेल. हिवाळे उगवले ते दिवस कलताना, गुडघ्यापर्यंत भिजलेल्या पँटीनं. साहेब केव्हाच गेले होते. हिवाळ्यांनी मांडव सोडणाऱ्या माणसाला सांगितलं, "व्हय, सुटलं."

ग्रंथांनाही त्यांनी हाच नियम लावला होता. "मोठ्या वचनांवर समदेच लिवतेत, सर. ते हेड झालं. तिथं पाणी ऱ्हातंच. टेलला पोचतं का ते बघा."

एकदा एक ग्रंथविक्रेता टाय लावून आला. सोनेरी कडांचा, अनेक खंडांचा संच त्यानं ओसरीवर मांडला. प्रत्येक खंडाच्या मागे लेखकाचा रंगीत फोटो होता. हिवाळे म्हणाले, "पेत्र की सास निकालो."

"अंकल, पहले क्रिएशन देखिए ना. पूरी दुनिया में चलता है."

"दुनियेत चलत आसंल. मी माझ्या चारीपुरतं पाणी बघतो. सर, काढा."

मी काढलं. लेखकानं तापावर मजकूर खच्चून भरला होता. सरोवराकाठची दमट हवा, डास, हिवताप, विषमज्वर. सासूची नाडी तेवढी द्यायची राहिली होती.

"आन् बायको?" हिवाळ्यांनी विचारलं.

"कुणाची?"

"पेत्राची. सासू हाय म्हंजे बायको आसंलच का न्हाई? माय तापानं पडली, पाहुणे दारात आले, तवा ती कुठं होती? त्याचं काई?"

त्याचं काही नव्हतं. संच परत पिशवीत गेला. "ताप समदा सांगितला त्यानं," हिवाळे मला म्हणाले, "पर घरात कोण कोण होतं ते न्हाई इचारलं. आसा डाक्टर बी कामाचा न्हाई."

पुढच्या काही वर्षांत मी सासूबद्दल इतकं वाचलं, की पेत्र तिचा जावई आहे हे मला अधूनमधून आठवून घ्यावं लागे. एकानं तिच्यावरून गृहिणींसाठी सात धडे काढले होते. एका फार मोठ्या विद्वानाच्या मते, कफर्णहूमच्या उत्खननात सापडलेलं घर पेत्राचं नसावंच. त्यावर हिवाळ्यांनी विचारलं, "घरच न्हाई म्हन्ला तर सासू ठिवायची कुठं?" एकानं एवढंच लिहिलं होतं की हे वचन सुबोध असल्यानं विवेचनाची गरज नाही. त्या दिवशी हिवाळे जेवले नाहीत. "सुबोध हाय म्हने! मंग बाकीचं काहून लिवलं?"

'निःसंशय' हा शब्द दिसला तर त्या पानावर ते बोट ठेवून थांबत. पाणी कमी असलं की हा शब्द जास्त लागतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. मी ते आमच्या विषयातल्या समीक्षाग्रंथांना लावून पाहिलं, आणि त्यानंतर माझं वाचन बरंच कमी झालं.

आता हे सांगायला हवं, की हिवाळ्यांच्या घरातही एक सासू होती.

त्यांची बायको वत्सला लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारली. मूलबाळ नव्हतं. तिच्या आजारपणात तिची आई सगुणाबाई सेवेला आली, ती राहिलीच. हिवाळे तिला मामी म्हणत, ती त्यांना जावईबापू म्हणे. तिला ऐकू कमी यायचं, पण कधी कमी यायचं हे ती ठरवायची. जावयाच्या घरी सासूनं दोन दिवसांवर राहू नये ही आपल्याकडची रीत, आणि इथं तर जिच्यामुळे नातं ती लेकच नव्हती. दर नाताळच्या आधी सगुणाबाईंचा मुलगा मनोहर नांदेडहून जीप घेऊन यायचा आणि आईला घेऊन जातो म्हणायचा. हिवाळे म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." जीप रिकामी जायची.

त्यामुळे सासू राहणार की जाणार, हा आमच्या गल्लीचा कायमचा विषय होता, आणि हिवाळ्यांच्या ग्रंथशोधाचा अर्थ गल्लीनं परस्पर लावून टाकला होता. कोपऱ्यावरचे सायकल दुकानवाले रशीदभाई वाकड्या चाकाचा आऊट काढता काढता म्हणायचे, "हिवाळेसाब शरीफ आदमी हैं. सास को सीधा जाओ नहीं बोल सकते. किताब में से फतवा ढूँढ रहे हैं." मलाही ते पटलं होतं. बायको नसेल तर सासूची जबाबदारी उरत नाही, असं एखाद्या भाष्यकारानं लिहून दिलं, की हिवाळे मोकळे.

सगुणाबाईंना मात्र या शोधाचं काही वाटत नसे. एकदा मी वाचत बसलो होतो, तेव्हा त्या तूर निवडता निवडता म्हणाल्या, "सर, त्या बाईचं नाव काय वं?"

"नाव दिलेलं नाही, मावशी."

"येवढ्या बुकांत न्हाई?"

"नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या, आणि त्यांना ऐकू येईनासं झालं.

हिंगोलीचा जिल्हा झाला त्याच सुमाराची गोष्ट. जुन्या कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागत होत्या. नांदेडच्या एका रद्दीवाल्याकडून हिवाळ्यांनी एक जुनं भाष्य आणलं. पुठ्ठा निघालेला, लेखकाचा फोटो नाही, कुणा मान्यवराची प्रस्तावना नाही. आत 'हे मला ठाऊक नाही' असं वाक्य मधूनमधून भेटत होतं. मी सासू काढली आणि थांबलो.

"काय झालं?"

"यानं विचारलंय. पेत्राची बायको त्या वेळी कुठं होती, ते."

हिवाळे पाटावरून उठून खुर्चीत बसले. "वाचा."

लेखकानं लिहिलं होतं, की प्रसंगात बायकोचा उल्लेख नाही, त्यामुळे ती आधीच वारली असावी असं कुणाला वाटेल. पण तसं म्हणता येत नाही. पुढे कितीतरी वर्षांनी पौल या दुसऱ्या प्रेषितानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं, त्यात तो जाता जाता म्हणतो की पेत्र प्रवासात बायकोला सोबत नेतो.

"म्हंजे जिती होती."

"हो."

"बराबर वाचलं ना, सर?"

"बराबर वाचलं."

त्यांनी स्वतःचं मराठी बायबल काढून पौलाचं ते पत्र उघडलं, ओळीवरून बोट फिरवलं आणि बायबल मिटलं. "टेलला पाणी पोचलं," ते म्हणाले. इतक्या वर्षांनी ग्रंथ पास झाला होता. आवाज मात्र उभं पीक पुरात गेलेल्या माणसाचा होता.

त्या आठवड्यात जीप आली. या वेळी मनोहरनं पाळकसाहेबांना सोबत आणलं होतं. मला हिवाळ्यांनी हाक मारून बसवून घेतलं. सगुणाबाई दाराशी तूर घेऊन बसल्या होत्या.

मनोहर म्हणाला, "दाजी, आता पुरे झालं. लोक तोंडावर इचारतेत, पोरगा आसून माय जावयाच्या दारात काहून?"

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. "हिवाळे बंधू, गेल्या वर्षी तुम्ही म्हणाला होतात, पेत्रानंही सासूला घरी ठेवलं होतं. मी म्हणालो, बायको होती म्हणून सासू होती. तुम्ही म्हणालात, बायको तेव्हा वारलेली असणार, तरी त्यानं सासूला ठेवलं. आधार दाखवतो म्हणालात. सापडला का?"

मी हिवाळ्यांकडे बघितलं. सगळी गल्ली, रशीदभाई आणि मी, इतकी वर्षं चुकीच्या बाजूनं मोजत होतो. हा माणूस सासूला घालवायचा आधार शोधत नव्हता. तिला ठेवून घ्यायचा शोधत होता.

पाळकसाहेबांना पौलाचं ते वाक्य आठवत नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. हिवाळ्यांनी नुसतं 'शोधून राह्यलो' म्हटलं असतं तरी आणखी एक नाताळ निघाला असता. पण ते उठले, तो पुठ्ठा निघालेला ग्रंथ आणला आणि पाळकसाहेबांच्या मांडीवर उघडून ठेवला.

"सापडला. पर उलटा. पेत्राची बायको जिती होती. माझा आधार गेला."

पाळकसाहेब वाचू लागले. मनोहर उठून उभा राहिला. "मंग माय, चल. कपडे घे."

"कोन बोलवून राह्यलं मला?" सगुणाबाईंनी विचारलं. तूर निवडणं चालूच होतं. "तू का लोक?"

"मीच की, माय."

"तू आल्यापून लोक-लोकच करून राह्यला. जीपीतून उतरून माय कशी हायस म्हन्ला का?"

मनोहर पुन्हा खाली बसला. मला वाटतं, त्याला खरोखरच वाईट वाटलं. तो वाईट माणूस नव्हता.

"आन् तुमी," त्या पाळकसाहेबांकडे वळल्या. "येवढी बुकं चाळली तुमी समद्यांनी. त्या बाईला कुणी इचारलं का, तुला कुठं ऱ्हायचं म्हून?"

पाळकसाहेबांनी पान उलटलं. तिथं ते नव्हतं.

"पर माय, जावयाचं दार..."

"जावयाचं कसं? माझ्या लेकीचं दार हाय ह्ये. ती न्हाई, दार हाय ना? तू ये. चार दिस ऱ्हा. बायको-लेकरं आन. मी कुठं न्हाई येत." त्यांनी सूप झटकलं. "मी गेल्यावर ह्यांना च्या कोन दील?"

त्या घरात चहा कायम हिवाळे करत. हे मला ठाऊक होतं आणि मनोहरलाही. तो पहिल्यांदा हसला, आणि त्या दिवशीही हिवाळ्यांनी केलेला चहा पिऊन गेला. जीपमध्ये मागच्या सीटवर एकटे पाळकसाहेब होते. त्यांना कुठलाही ग्रंथ भेट मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणावरून हाक आली. हिवाळे ओसरीवर तोच ग्रंथ मांडीवर घेऊन बसले होते. पुठ्ठा खळीनं चिकटवून झाला होता.

"चांगला ग्रंथ हाय, सर," ते म्हणाले. "आपल्या इरोधात गेला, पर खरं बोलला."

"मग आता शोध संपला म्हणायचा."

त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं. मग खालच्या आवाजात, आत ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले, "एक ऱ्हायलं ना, सर. पेत्र गावोगाव फिरून राह्यला, बराबर? बायको बी त्याच्यासंगं फिरून राह्यली. मंग घरी त्या म्हातारीजवळ कोन होतं?"

मी ग्रंथ घेतला, पौलाच्या पत्रापर्यंत गेलो, पुन्हा मागे आलो. काहीच नव्हतं.

"बघा नीट," हिवाळे म्हणाले. "आसंल कुणीतरी."

आतून हाक आली, "जावईबापू, च्या झाला का न्हाई?"

"झाला, मामी," ते म्हणाले, आणि आधण ठेवायला उठले.