कडक विरोधाचं वाक्य

आमच्या वजनमापे कार्यालयात ‘नाही’ हा शब्द सोमवारपासून बंद करण्यात आला. तसं रीतसर परिपत्रक निघालं. विषय : ‘मतप्रदर्शनाच्या पद्धतीत सुधारणा करणेबाबत’. कर्मचाऱ्यांनी ‘नाही’, ‘छे’, ‘मुळीच नाही’, ‘हे काय भलतंच’ इत्यादी शब्द व तत्सम नाकातून निघणारे आवाज तत्काळ थांबवावेत आणि आपली मते यापुढे फक्त मान्यताप्राप्त इंग्रजी वाक्यांतूनच व्यक्त करावीत, असा एकंदर मजकूर होता. इंग्रजीच का, ते लिहिलेलं नव्हतं. परिपत्रक मात्र मराठीत होतं, कारण ते सगळ्यांना कळणं आवश्यक होतं.

झालं होतं असं, की नवे साहेब हजर झाल्यावर पहिल्याच बैठकीत म्हणाले, “तराजूंच्या खोलीत एक छोटंसं कारंजं बसवलं तर?” आणि आमचे हिशेबनीस, ज्यांच्या जिभेला हाड नावाची वस्तू देवाने दिलीच नाही, ते सरळ म्हणाले, “छे! लोखंडी वजनं गंजतील.” साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. हा शब्द त्यांच्या कानावर आयुष्यात पहिल्यांदाच पडला असावा. दुसऱ्या दिवशी ते रजेवर गेले आणि परतले ते संवाद-प्रशिक्षक मॅडमना घेऊन.

मॅडम गोड होत्या. शिव्या दिल्या तरी ‘थँक यू फॉर शेअरिंग’ म्हणतील अशा. त्या म्हणाल्या, “नकार ही भिंत असते. आपण खिडक्या व्हायचं.” आमच्या कार्यालयातल्या निम्म्या खिडक्यांना तावदानं नाहीत, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण त्यासाठी वाक्यात ‘नाही’ आलं असतं, म्हणून मिटलं.

मग त्यांनी प्रत्येकाला वाक्यांचा एकेक कागद दिला. मूळ कागदावर दोन रकाने होते. एक सहमतीच्या वाक्यांचा, दुसरा नापसंतीच्या. पण आमच्या झेरॉक्स मशीनला वरचे दोन इंच गिळायची जुनी खोड आहे. त्यामुळे रकान्यांची शीर्षकं गेली आणि खालची वाक्यं तेवढी उरली. कुठला रकाना होकाराचा आणि कुठला नकाराचा, हे विचारावं तर अज्ञान उघडं पडणार. सगळ्यांनी “ओके, ओके” म्हणत कागदाची घडी घातली आणि खिशात टाकली.

पहिला बळी हिशेबनीसांचाच गेला. कारंज्याचा विषय पुन्हा निघाला तेव्हा ते उठले, कागद नाकाशी धरला आणि म्हणाले, “आय अ‍ॅम अफ्रेड आय डोन्ट अग्री.” साहेबांच्या सहायकाने इतिवृत्तात नोंद केली : ‘हिशेबनीस यांना भीती वाटते.’ साहेब कनवाळू. त्यांनी हिशेबनीसांना धैर्यवर्धनाच्या निवासी शिबिरात पाठवलं. तिथून ते आले ते गालातल्या गालात हसत, आणि कशालाही “अ‍ॅब्सोल्यूटली!” म्हणत. जिना कुठे आहे विचारलं तरी “अ‍ॅब्सोल्यूटली!” कारंजं बसलं. वजनं गंजली.

नियम बाहेरच्या कामालाही लागू होता. आमच्या निरीक्षकांना एका दुकानात किलोच्या मापात शंभर ग्रॅमची खोट सापडली. एरवी ते दुकानदाराची सालटी काढतात. आता कागद काढून म्हणाले, “आय सी व्हेअर यू आर कमिंग फ्रॉम.”

“गोडाउनमधून,” दुकानदार म्हणाला.

“इंटरेस्टिंग,” निरीक्षक म्हणाले. मॅडमनी शिकवलं होतं की यापेक्षा जहरी निषेध इंग्रजीत करता येत नाही. दुकानदाराने तो निषेध फ्रेम करून गल्ल्याच्या मागे लावला : ‘वजनमापे कार्यालयाने इंटरेस्टिंग ठरवलेले दुकान’. शेजारच्या चार दुकानदारांनी आमच्याकडे अर्ज केले, आम्हालाही इंटरेस्टिंग करा म्हणून.

इथवर मला काही वाटलं नाही, खरं सांगतो. गंजणारी वजनं सरकारची, खोटी मापं गिऱ्हाइकांची. माझं काय जातंय? पण मग कँटीनचा प्रस्ताव आला.

कँटीन तळघरात होतं, जिन्याखाली. ते मावशी चालवायची. सगळे तिला मावशी म्हणायचे, पण माझी ती खरीखुरी मावशी, आईच्या पाठची. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. हे कार्यालयात कुणाला ठाऊक नव्हतं. चहावालीचा भाचा म्हणून ओळख झाली असती, तर माझ्या टेबलावर फायलींऐवजी कपबशा येऊ लागल्या असत्या. प्रस्ताव असा होता, की कँटीन बंद करून तिथे पेय-यंत्र बसवावं. बटण दाबलं की चहा, दुसरं दाबलं की कॉफी, तिसरं दाबलं की सूप.

मी खाली गेलो. मावशी पातेलं घासत होती.

“ऐकलंय मी,” ती म्हणाली. “अरे, हे बंद झालं तर मी करू काय? या वयात मला कोण कामाला ठेवणार? आणि घरी बसावं म्हटलं तर घरी तुझे काका आहेत. दिवसभर.”

“तू काळजी नको करू. सगळं ऑफिस तुझ्या बाजूने आहे.”

“मग सांगा की त्या साहेबाला तोंडावर!”

“सांगणार आहोत. इंग्रजीत.”

“इंग्रजीत कशाला? त्याला मराठी येत नाही?”

“येते. पण मराठीतलं ‘नाही’ ऐकलं की रागावतो.”

ऑफिस खरंच तिच्या बाजूने होतं. प्रत्येकाला तिने कधी ना कधी ताप असताना आल्याचा चहा वर आणून दिला होता. निरीक्षक म्हणाले, “या वेळी पुचाट वाक्य चालायचं नाही. सगळ्यांनी एकच बोलायचं, आणि सगळ्यात कडक. कुठलं ते तू सांग. तुझं इंग्रजी चांगलं आहे.”

माझं इंग्रजी चांगलं आहे, कारण मी पाकिटांवरचे पत्ते लिहितो. मी कागद पसरला आणि वाक्यं चाळू लागलो. शेवटी बोट ठेवलं : “आय कुडन्ट अग्री मोअर.”

“म्हणजे?”

“सरळ आहे. कुडन्ट म्हणजे शक्य नाही. अग्री म्हणजे सहमत होणं. मोअर म्हणजे आणखी. आजवर झालो सहमत तेवढं बस्स झालं, आणखी होणं आता शक्य नाही!”

“वा!” निरीक्षक म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. “याला म्हणतात कणा.”

बैठकीला मावशी चहाचा ट्रे घेऊन आली आणि मुद्दाम दारातच रेंगाळली. साहेबांनी प्रस्ताव वाचला आणि मतं मागवली. निरीक्षक ताडकन उठले. छाती पुढे काढून, साहेबांच्या डोळ्यांत डोळे घालून गरजले, “आय कुडन्ट अग्री मोअर!” मग टंकलेखिका, मग शिपाई, मग मी. एकामागून एक, चढत्या आवाजात. हिशेबनीससुद्धा “अ‍ॅब्सोल्यूटली” म्हणता म्हणता थांबले आणि आमच्यात सामील झाले. मी मावशीकडे बघून डोळा मारला. ती पदराने तोंड झाकून हसत होती.

साहेबांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग हळूहळू फुलला. ते उभे राहिले. “माझ्या नोकरीत,” ते गहिवरून म्हणाले, “इतका उत्स्फूर्त पाठिंबा मला कधी मिळाला नव्हता.”

आम्ही एकमेकांची तोंडं बघू लागलो. मॅडम मात्र चाणाक्ष होत्या. गडबड त्यांच्या लगेच ध्यानात आली. “सर, एक मिनिट,” त्या म्हणाल्या. “या वाक्याचा अर्थ, याहून जास्त सहमत होणं शक्यच नाही, म्हणजे शंभर टक्के सहमत, असा होतो. आवाजावरून मला वाटतं, यांना नेमकं उलट म्हणायचं असावं.”

बाईंचे पाय धरावेसे वाटले मला. साहेब खुर्चीत बसले. टोपण काढून पेन हातात घेतलं.

“असं होय? मग भाषेची अडचण नको,” ते मऊ आवाजात म्हणाले. “आजच्यापुरता नियम शिथिल. साध्या मराठीत सांगा. कँटीन बंद व्हायला कुणाचा विरोध आहे? त्याने नुसतं ‘नाही’ म्हणावं. मी नाव तेवढं लिहून घेतो. बढत्यांचं बघायचंच आहे, एकाच कागदावर होईल.”

पंखा फिरत होता. कारंजं शेजारच्या खोलीत बुडबुडत होतं. निरीक्षकांना आपल्या बुटाची नाडी सुटल्याचं आढळलं. टंकलेखिकेला खोकला आला आणि तो तिने गिळला. शिपाई छताकडे बघत होता. मावशी सगळ्यांवरून नजर फिरवत फिरवत माझ्यावर येऊन थांबली. ट्रे तिच्या हातात तसाच होता.

साहेबही माझ्याकडे बघत होते. “बोला,” ते म्हणाले. “तुम्हाला काही म्हणायचं दिसतंय.”

मी उठलो. दोनच अक्षरं होती हो. माझ्या मातृभाषेतली. बोलायला शिकलो तेव्हा दुधाच्या वाटीपुढे याच मावशीच्या मांडीवर बसून पहिल्यांदा म्हटलेली. मी तोंड उघडलं आणि माझ्या कानांनी ऐकलं :

“आय सी युअर पॉइंट, सर.”

“गुड,” साहेब म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

मावशीने एकेकापुढे कप ठेवला. माझ्यापुढे ठेवताना म्हणाली, “घ्या साहेब. निवेल.” मला. साहेब. घ्या. मग ट्रे काखेत मारून ती जिना उतरून गेली.

आता तिथे यंत्र आहे. तिन्ही बटणांतून सूपच येतं, आणि आम्ही सगळे त्याला इंटरेस्टिंग म्हणतो. मला बढती मिळाली. हुद्दा ‘मतसमन्वयक’. मावशीकडे अजून जाणं झालेलं नाही. परवा काकांचा फोन आला होता, मी कामात होतो.

तुम्हाला माझा राग आलाय, दिसतंय मला. भित्रा, कृतघ्न, शेपूटघाल्या, काय काय म्हणताय मनातल्या मनात. म्हणा, थँक यू फॉर शेअरिंग! पण मनातल्या मनातच का म्हणताय? शेजारी कुणी बसलंय वाटतं? आज सकाळी तुमच्या साहेबांनी, सासूबाईंनी किंवा सोसायटीच्या अध्यक्षांनी तुम्हाला काहीतरी सांगितलं, तेव्हा ते साफ चूक आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. तुमची मराठी माझ्याहून चांगली आहे आणि तुमच्यासाठी कुणी परिपत्रकही काढलेलं नव्हतं.

मग, काय म्हणालात?