न्हाणीघराचा खटला

कुरुंद्याच्या व्यंकटरावांनी मोठ्या हौसेनं नवं न्हाणीघर बांधून घेतलं आणि पहिल्याच अंघोळीचं पाणी थेट बैठकीत येऊन बसलं.

उतार द्यायचा मोरीकडं, तो उकंडराव गुत्तेदारानं दिला दाराकडं. म्हणजे आत माणूस अंघोळ करणार आणि बाहेर नर्मदाबाई फडकं घेऊन बसणार! आधीच त्यांचे गुडघे धड नाहीत. त्यात एके सकाळी ओल्या फरशीवरून घसरून त्या चांगल्याच आपटल्या. बायकोला कण्हताना पाहिलं आणि व्यंकटरावांचं डोकंच फिरलं.

"उकंडराव, फरशी उखडा अन् उतार बराबर करून द्या."

"काका, उतार एकदम बराबर हाय. तुमीच पाणी लई जोरात ओतून राहिले."

"मग काय चमच्यानं अंघोळ करू?"

उकंडराव हसला आणि मोटरसायकलला किक मारून निघून गेला. पुढं तो फोनही उचलेना. झालं! व्यंकटरावांनी हिंगोली गाठली आणि ग्राहक आयोगात तक्रार ठोकली. वकील नाही, कोणी नाही, आपली केस आपणच लढवणार! सोसायटीतून कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस, पण त्या दिवसापासून गावातून असा चालायला लागला की समोरचा आपोआप बाजूला व्हावा.

आयोगानं पाहणीसाठी एक इंजिनिअर नेमला. साहेबांना आणायला व्यंकटराव सकाळीच फाट्यावर गेले आणि इकडं घोळ झाला. घरी साहेब येणार म्हटल्यावर कुठली बाई स्वस्थ बसेल? नर्मदाबाईंनी कंबर कसली. दुखऱ्या गुडघ्यांनी सगळं घर धुऊन काढलं, न्हाणीघर जुन्या लुगड्यानं पुसून कोरडं ठणठणीत केलं, उंबऱ्यापाशी रांगोळी घातली.

साहेब आले. उकंडरावही आला. वकिलानं त्याला बजावलं होतं, तिथं तोंड उघडायचं नाही. तो गरीब गाईसारखा कोपऱ्यात उभा राहिला. व्यंकटरावांनी मात्र न्हाणीघरात डोकावून पाहिलं आणि ते उलट्या पावली बायकोकडं आले.

"अगं, हे काय करून ठेवलं?" ते बायकोच्या कानाशी पुटपुटले.

"काहून? साहेबाला काय चिखलात बसवू?"

"अगं, चिखलच दाखवायचाय त्याला!"

"माह्या घरात न्हाई दाखवायचा."

व्यंकटराव धावत नळापाशी गेले. घर धुण्यात टाकी रिकामी झालेली! मोटार लावावी तर लाइट गेलेली. त्यांनी पिण्याच्या हंड्याला हात घातला, तर नर्मदाबाई आडव्या आल्या. "पेयाचं पाणी न्हाणीत? हात तर लावून बघा!"

साहेबांनी फरशी पाहिली, भिंती पाहिल्या आणि विचारलं, "बाई, तुम्हाला काही त्रास?"

"न्हाई वो साहेब, कसली तकलीफ? देवाच्या दयेनं समदं झ्याक हाय. आधी पोहे खा."

गेली! केस गेली! व्यंकटराव मटकन खुर्चीत बसले. आता जन्मभर ही बाई फडकं घेऊन वाकणार, आणि तेही स्वतःच्याच बोलण्यामुळं! साहेबांनी पोहे संपवले, हात पुसले आणि म्हणाले, "काम बरं दिसतंय."

"बरं?" उकंडराव कोपऱ्यातून उसळला. "साहेब, नुसतं बरं? आख्ख्या वसमत तालुक्यात असा उतार कुणी देऊन दाखवावा! थांबा, तुमच्या डोळ्यांदेखत दाखवतो."

कसला वकील आन् कसलं काय! गडी धावत हापशावर गेला, बादली भरून आणली आणि न्हाणीत उपडी केली.

पाण्यानं मोरीकडं ढुंकूनही पाहिलं नाही. रांगोळी मोडत ते बैठकीत शिरलं आणि साहेबांचे मोजे भिजवून पार अंगणात उतरलं.

"बघा!" उकंडराव छाती काढून म्हणाला. "कुठं तुंबलं का?"

साहेबांनी ओले मोजे काढून पिळले. "बाई, तुम्ही तर म्हणालात, तकलीफ नाही!"

"साहेब," नर्मदाबाई फडकं घेत ताठ मानेनं म्हणाल्या, "दारात आलेल्या पाव्हण्याफुडं कुणी रडगाणं गातं का?"

निकाल व्यंकटरावांच्या बाजूनं लागला. उकंडरावानं मुकाट्यानं फरशी उखडली, नवी बसवली. आता पाणी सरळ मोरीत जातं आणि नर्मदाबाई सकाळी निवांत चहा पितात. त्या सुखाचं काय मोल सांगावं!

परवा त्यांची धाकटी बहीण पंचफुला जवळा बाजारहून आली. न्हाणीघर पाहून हरखलीच. "आक्का, किती साजरं! कुणी बांधलं वं?"

व्यंकटरावांनी घसा खाकरला. केसची सगळी हकिकत आता पहिल्यापासून सांगायची होती. पण नर्मदाबाई आधीच बोलून गेल्या, "आमचा गुत्तेदार साधासुधा न्हाई, पंचफुले. कोर्टानं नेमून देल्ला हाय. मोठे साहेब सोता पाहून गेले."

"अगं बाई! मंग आमालाबी तोच पाहिजे. दाजी, नंबर सांगा बरं त्याचा."

व्यंकटरावांनी बायकोकडं पाहिलं. तिनं डोळे वटारले. व्यंकटरावांनी उकंडरावाचा नंबर सांगून टाकला. न उचललेले इतके फोन केले होते की तोंडपाठ झाला होता.