कॅप्टनची बायको

चाळीस नाटकं मी एका रविवारात तपासून संपवीन, असं मी शिक्षकांच्या खोलीत छातीठोकपणे सांगितलं होतं. नाटकं सहावीच्या मुलांनी इंग्रजीच्या तासाला लिहिलेली, प्रत्येकी दोन पानांची. संवादांना दहा गुण, रंगसूचनांना पाच, व्याकरणाला पाच. बाकीचे शिक्षक म्हणाले, चार दिवस तरी लागतील. मी म्हणालो, ज्यांना घरी संसार आहे त्यांना लागतील. सगळे हसले, मीही हसलो. बायको जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

रविवारी सकाळी बसलो आणि पाचव्या नाटकालाच अडकलो. संवाद बोलण्यासारखे आहेत की नाहीत, हे नुसतं वाचून कळेना. मग मी मोठ्याने वाचू लागलो. राजाला जाड आवाज, राणीला बारीक. सहावं नाटक होतं एका बुडालेल्या जहाजाच्या कॅप्टनचं. वर्गात तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने लिहिलेलं. कॅप्टन तीन वर्षांनी घरी येतो आणि बायको दार उघडत नाही.

"ओपन द डोअर. आय हॅव कम."

"नो. यू आर लेट. द सूप इज कोल्ड."

आता अशा संवादाला न्याय द्यायचा तर नीटच द्यायला हवा. मी समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या. कॅप्टन या खुर्चीत, बायको त्या खुर्चीत. बायको झालो की डोक्यावर टॉवेल घ्यायचा, म्हणजे घोटाळा नको. रंगसूचनेत "दोघे गरम पेय पितात" असं होतं, म्हणून दोन कप चहा केला. दार ठोठावायचं होतं, तर मी माझंच दार आतून ठोठावलं. बायको रडते असं लिहिलं होतं. तेही केलं, आणि जरा जास्तच चांगलं जमलं. थांबायला मला वेळ लागला.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त नर्सबाई राहतात. त्यांच्याकडे माझ्या ताईचा फोन नंबर असतो. कधी आजारी पडलो तर कळवावं म्हणून ताईनेच दिलेला. नर्सबाईंनी खिडकीतून सगळं ऐकलं: पुरुष गयावया करतोय, बाई ऐकत नाही, मग रडते, आणि शेवटी म्हणते, "आय फरगिव्ह यू. सिट. ईट." त्यांनी ताईला कळवलं की, सरांकडे कुणीतरी आलंय, भांडण झालं होतं, पण मिटलं.

पाऊण तासात दार वाजलं. मी टॉवेल घेऊनच उघडलं. समोर ताई. अंगावर लग्नकार्याला नेसायची साडी, हातात मिठाईचा पुडा. मागे नर्सबाई.

ताईने माझ्याकडे पाहिलंच नाही. तिने खुर्च्या पाहिल्या. दोन कप पाहिले. मग हळू आवाजात विचारलं, "आत आहेत का त्या?"

"कोण?"

"अरे, लाजतोस काय. मी काही बोलणार नाही त्यांना."

मी सांगत गेलो: शाळा, गुण, कॅप्टन, सूप. ताईने स्वयंपाकघरात डोकावलं, न्हाणीघराचं दार ढकललं आणि येऊन बायकोच्या खुर्चीत बसली. नर्सबाई माझ्या डोक्यावरच्या टॉवेलकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आवाज हुबेहूब काढलात हो, सर."

ताई बराच वेळ मिठाईच्या दोऱ्याची गाठ सोडवत होती. मग म्हणाली, "कोणीही असती ना, तरी चाललं असतं रे मला."

मी कॅप्टनचा थंड चहा पिऊन टाकला. ताईने नाटकाचा कागद ओढला, चष्मा लावला आणि म्हणाली, "कुठून वाचायचं?"

तिचं इंग्रजी शाळा सुटल्यापासून कपाटात पडलेलं. "फरगिव्ह"ला ती तीनदा अडखळली. नर्सबाईंना समुद्र दिला. त्यांनी तो मन लावून घोंघावला. दुपारपर्यंत आम्ही सात नाटकं केली. एका नाटकात ताई मगर झाली आणि मला खाताना तिला इतकं हसू आलं की आम्हाला मध्यंतर घ्यावं लागलं.

मग तिच्या बसची वेळ झाली. मी तिला थांब्यावर सोडून परत आलो, बायकोची खुर्ची जागेवर ठेवली आणि उरलेली नाटकं मनातल्या मनात वाचायला घेतली. उगाच पुन्हा कुणाचा गैरसमज नको.

अर्ध्या तासाने दार वाजलं. नर्सबाई होत्या, हातात रक्तदाब मोजायचं यंत्र.

"सर, बरं आहे ना?" त्या म्हणाल्या. "आवाज येईना, म्हणून आले."

मी निमूटपणे दंड पुढे केला.